‘पुस्तकी’ म्हणण्याआधी

महोदय,

पीआय चांगला आला तरी जुन्या जनरेटरची हाय-पॉट चाचणी करावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "स्टेटरमध्ये कधी न उतरलेल्या माणसाचा पुस्तकी लेख. पीआय दोनच्या वर असताना जुन्या मशीनवर हाय-पॉट करणं म्हणजे चांगलं इन्सुलेशन हाताने फोडणं." (इतर वाचकांसाठी: स्टेटर म्हणजे जनरेटरचा स्थिर भाग. पीआय, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स, हे इन्सुलेशनच्या दहाव्या आणि पहिल्या मिनिटाच्या रेझिस्टन्सचं गुणोत्तर. हाय-पॉट म्हणजे नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणं.) मतभेद समजू शकतो. ही भाषा कशासाठी?

बावीस वर्षं मी हेच काम केलं आहे. रोटर (फिरता भाग) बाहेर काढल्यावर स्टेटरच्या पोकळीत, बोअरमध्ये, बसून हातोडीने एकेक वेज (वाइंडिंगचे बार खाचेत घट्ट धरणारी पाचर) ठोकत, कुठली भद्द वाजते ते ऐकत दिवसच्या दिवस काढलेत. एका 11 केव्हीच्या मशीनचा पीआय साडेतीन आला होता, सगळे निश्चिंत. वेजेस सैल वाजत होत्या म्हणून मी हट्टाने बार काढायला लावले. स्लॉटमधल्या (खाचेतल्या) भागावरचं सेमीकंडक्टिव्ह कोटिंग, म्हणजे किंचित वीजवाहक थर, जागोजागी उडालेलं, पांढरी भुकटी साचलेली. 50 हर्ट्झच्या मशीनमध्ये सैल बार सेकंदाला शंभर वेळा थरथरतो. कोटिंग घासलं जातं, मग बार आणि कोअर (स्टेटरचा लोखंडी गाभा) यांच्यात डिस्चार्ज, म्हणजे बारीक ठिणग्या, सुरू होतो, ओझोनचा वास येऊ लागतो. पण आतला मायका (अभ्रकाचं मुख्य इन्सुलेशन) तोवर शाबूत असतो, म्हणून पीआय उत्तमच येतो. पीआयला ओल कळते, घाण कळते. हे कळत नाही. ती भुकटी माझ्या हातांना लागली होती, साहेब. पुस्तकाला नव्हे.

आता ‘फोडण्या’बद्दल. नव्या 11 केव्हीच्या मशीनला 23 केव्ही एसी मिनिटभर देतात. जुन्याला रेटेड व्होल्टेजच्या सव्वा ते दीड पट, म्हणजे फार तर साडेसोळा. चालू मशीनमध्ये एका फेजला अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे ती जमिनीशी जोडली गेली, की उरलेल्या दोन्ही फेजवर अर्थच्या मानाने जवळपास पूर्ण 11 केव्ही येतात. त्याहून थोडा जास्त ताण जे मिनिटभर सोसत नाही, त्याला तुम्ही ‘चांगलं’ कुठल्या आधारावर म्हणता? आउटेजमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी मशीन बंद असताना, सुटे बार हाताशी असताना ते फुटलेलं मला हजारदा परवडेल. भर लोडवर नाही.

एक चूक मान्य. रेझिस्टन्सचं एका मिनिटाचं रीडिंग 5000 मेगाओहमच्या वर असेल तर पीआयला फारसा अर्थ उरत नाही, हे लेखात यायला हवं होतं. दुरुस्ती केली आहे.

तुमचे बाकीचे मुद्दे लेखाच्या विषयाबाहेरचे आहेत, त्यांत शिरत नाही.

हाय-पॉटने चांगलं इन्सुलेशन फुटलेलं तुम्ही स्वतः पाहिलं असेल, तर मशीन किती केव्हीचं, किती वर्षांचं आणि बार नेमका कुठे फुटला, तेवढं लिहा.