सात गुणांचा उंबरठा

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या कट्ट्यावर काल वाद पेटला तो अडीच हजारांवरून.

"ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला दीड हजाराचे अडीच हजार झाले," अण्णा म्हणाले. "२०१६ च्या कायद्यानं मानसिक आजारही दिव्यांगत्वात धरलाय. आता अजून काय पायजे?"

"आधी दाखल्यावर ४० टक्के दिव्यांगत्व तर मिळू देत, त्याशिवाय पैसे नाहीत," मास्तर म्हणाले. "मानसिक आजाराला तिथं 'आयडियास' नावाची मोजपट्टी लावतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला ० ते ४ गुण. वर आजार किती जुना त्याचे वेगळे. दोन वर्षांच्या आतला असला तर १, दहाच्या वर गेला की ४. जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. २० पैकी ७ झाले की ४० टक्के. ६ वर अडकला की बाहेर."

"मग बरोबरच आहे की बे," सिद्धू म्हणाला.

"हिशेब कर की. आजार बारा वर्षांचा, तर ४ गुण तिथंच पडले, उरलेले ३ कुठूनही येतात. वर्षाचा असला तर १, म्हंजे चार रकान्यांतून ६ जमवायचे. विशीतलं पोरगं, कॉलेज सुटलेलं, आत्ता हात दिला तर सावरेल असं, तेच नेमकं गळतं."

अण्णा अडून बसले. "जुना आजार माणसाला जास्त झिजवतो. त्याला जास्त गुण नकोत?"

"झीज त्या चार रकान्यांत दिसतेच. तीच परत का मोजायची?"

याला कुणाकडं उत्तर नव्हतं. माझ्या मते सुधारणा इथूनच सुरू व्हायला पायजे.

अक्कांचं म्हणणं वेगळं होतं. गुण जातात ते घरच्यांच्या लाजेपायी. पेशंटला आंघोळ घालून, नवा शर्ट चढवून नेतात. डॉक्टरांनी विचारलं, काम करतो का, की आई म्हणते, "करतो की." पूर्वी दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या आता दोनशे होतात, त्यातल्या निम्म्या दोरा सैल म्हणून परत येतात. हे आकड्यासकट सांगायला पायजे, नाहीतर कामाच्या रकान्यात शून्य पडतं. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, शेवटचं काम कधी सुटलं, हे आधीच चिठ्ठीवर लिहून न्यावं. आणि ओपीडीचा अगदी पहिला कागद जपावा. तो हरवला तर बारा वर्षांचा आजार कागदावर दोन वर्षांचा होतो.

बाकीचं नेहमीचंच. दाखल्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, ४० टक्क्यांपासून दिव्यांगांचं पिवळं कार्ड, ८० पासून निळं. तहसीलला ५० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. आपल्याकडं तेलुगू-कन्नड आडनावं आधारवर एक आणि पासबुकावर दुसरीच असतात. ती आधी जुळवावीत, पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. दाखल्यावर मुदत लिहिलेली असली तर ती संपायच्या आधीच फेरतपासणीला जावं.

"बरा झाला तर पैसे बंद होणारच," अण्णा म्हणाले.

"म्हणून तर घरचे त्याला कामाला लावायला भितात," अक्का म्हणाल्या. "पहिल्या पगारानंतर वर्षभर तरी चालू ठेवा. हा आजार उलटतो, अण्णा."

अण्णांना वर्षभर जास्त वाटलं. सहा महिन्यांना ते तयार झाले.