माझ्यातला एजंट

भाड्याच्या घरांच्या फोटोंत वॉशबेसिन नेहमी लांबट का दिसतं, हे मला आता कळलंय. अख्खी खोली एका फोटोत कोंबायला वाइड अँगल लेन्स लावतात आणि त्या लेन्सच्या कडेला जे जे येतं ते ताणलं जातं. त्यामुळे खोलीचा हॉल होतो, हॉलचं मैदान होतं, आणि कोपऱ्यातल्या बिचाऱ्या गोल बेसिनचं अंडं होतं. हल्ली मी फोटोत खोली बघतच नाही, आधी कडेची भांडी बघतो. बेसिन जेवढं लांब, तेवढी खोली लहान.

फोटोंनंतर एजंट भेटतो. एजंट खोटं बोलतो असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. त्याचं घड्याळ वेगळं असतं, एवढंच. 'स्टेशन पाच मिनिटांवर' हे वाक्य त्याने म्हटलं नाही असं घर मी पाहिलेलं नाही. जपानमध्ये या मिनिटांना रीतसर नियम आहे. जाहिरातीत 80 मीटर चालायला एक मिनिट धरायचं, आणि उरलेसुरले मीटर असतील तर त्यांचंही पूर्ण मिनिट लावायचं. वाटेत सिग्नल लागला किंवा चढ लागला तर मात्र ते तुमचं तुम्ही बघायचं. या हिशेबाने आमच्या एजंटची पाच मिनिटं 400 मीटरच्या आत संपायला हवीत. मी चालून पाहिलं. पाच मिनिटांनी स्टेशन सोडाच, त्याच्याकडे जाणारा रस्तासुद्धा लागला नव्हता. पहाटे, मोकळ्या रस्त्याने, मोटरसायकलवर त्याच्या मागे बसून गेलं तर ती पाच मिनिटं खरी असतील. तेवढी मी सोडून दिली.

परवडण्याचं म्हणाल, तर उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या वर भाडं देऊ नये असं जाणकार सांगतात. या आकड्याचं मूळ शोधायला गेलो (घर मिळत नसलं की माणूस असले उद्योग करतो). अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्यांकडून उत्पन्नाच्या 25 टक्क्यांहून जास्त भाडं घेऊ नये, असा कायदा 1969 मध्ये झाला. 1981 मध्ये त्या पंचवीसचे 30 झाले. म्हणजे मर्यादा होती ती घेणाऱ्यावर! सल्ला देणाऱ्यांनी ती अलगद उचलली आणि देणाऱ्याच्या गळ्यात घातली. तरी मी कागदावर माझ्या पगाराचे तीस टक्के काढले आणि मोठ्या आत्मविश्वासाने एजंटला सांगितले. त्याने ते अदबीने ऐकून घेतले आणि विचारलं, "हे पार्किंगचं झालं. घराला किती?"

मग त्याने थोडं लांब जायला सुचवलं. लांब गेलं की भाडं उतरतं, यात नवीन काही नाही. थ्यूनेन नावाच्या एका जर्मन जमीनदाराने 1826 मध्येच ते मांडून ठेवलंय. बाजारपेठेपासून जमीन जितकी दूर, तितका माल वाहून न्यायचा खर्च जास्त, म्हणून तितका खंड कमी. त्याच्या गणितात शहराकडे धान्य आणि सरपण जायचं. माझ्या गणितात रोज मी जाणार, तोही उभ्याने. भाड्यात वाचणारे पैसे आणि तिकिटात जाणारे पैसे शेजारी शेजारी मांडल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे आपण गाडीतच राहायचं आणि झोपण्यापुरतं घरी जायचं."

डिपॉझिट, आगाऊ भाडं, दलाली आणि टेम्पो यांबद्दल मी बोलणार नाही. बेरीज केली होती. कागद फाडून टाकला.

घर बघायला आपण जातो, हा तर निव्वळ गैरसमज. सोफ्यावर घरमालक बसलेले असतात आणि आपण उभे असतो, यावरूनच कोण कोणाला बघतंय ते ध्यानात यावं. एका काकांनी माझ्या पगाराच्या पावत्या चष्मा वर करून वाचल्या, आधीच्या मालकाशी संबंध कसे होते ते विचारलं, पाहुणे किती येतात आणि किती राहतात ते विचारलं. नोकरी टिकेल ना, असंही विचारलं. हे माझ्या साहेबांनाही खात्रीने सांगता आलं नसतं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "भिंतीला खिळे ठोकणार नाही ना?"

"नाही हो काका," बायको म्हणाली, "घड्याळ मनगटावर बांधू."

ते घर आम्हाला मिळालं नाही.

पण या सगळ्यात माझ्यात जो बदल होत गेला, तो मला फार उशिरा दिसला. सुरुवातीला मी घरात शिरलो की नळ सोडून बघायचो, भिंतीवर टकटक करायचो. पुढे पुढे एजंट तोंड उघडायच्या आत मीच बोलायला लागलो. स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस मावतो? भांडणं होणार नाहीत. खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे? पडद्यांचा खर्च वाचला. लिफ्ट बंद आहे? डॉक्टर काय सांगतात, चाला. एकदा तर मी न्हाणीघराच्या छतावरच्या ओलीकडे बघून, "हवा खेळती राहिली की जाईल ती," असं म्हणालो आणि शेजारी उभा असलेला एजंटसुद्धा चपापला. बायकोने जिना उतरताना विचारलं, "तुला यात किती टक्के आहेत?"

अखेर एक घर ठरलं. बेसिन मध्यम लांबीचं होतं. आता आहे ते घर सोडायची नोटीस दिली, आणि मालकांनी फर्मावलं की बघायला लोक येतील, जरा दाखवत जा. परवा संध्याकाळी एक जोडपं आलं. बाईंच्या हातात मोजपट्टी, भाऊसाहेब दमलेले. त्या पलंगाची जागा मोजत असतानाच वरच्या मजल्यावर नेहमीप्रमाणे काहीतरी जड, लोखंडी वस्तू या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढली गेली. चौघेही छताकडे बघायला लागलो. आता यावर काय सांगावं, म्हणून मी घसा खाकरला.

तेवढ्यात भाऊसाहेब बायकोकडे वळून म्हणाले, "बरंय ना, वर माणसं आहेत. सोबत होते."