सिस्टीममध्ये टाकलं का?

पूर्वी आमच्याकडे मशीन बंद पडलं की ऑपरेटर लाइनवरूनच हाक मारायचा, "मामाss, बसलं!" आणि मामा हातातला चहा तसाच ठेवून निघायचे. मामा म्हणजे आमचे सीनियर फिटर, रिटायरमेंटला टेकलेले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "पुढची बेअरिंग गेलीय, आठवडाभर ओढेल." आणि ती खरंच आठवडाभर ओढायची. काम झालं की लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात एक ओळ पडायची, "प्रेस नं. ४ आवाज. बघितले. ठीक." झालं मेंटेनन्स.

मग हेड ऑफिसला वाटलं आता डिजिटल व्हायचं. एंटरप्राइझ अ‍ॅसेट मॅनेजमेंट, म्हणजे ईएएम, कंपनीतल्या सगळ्या मशीनची यादी, देखभाल नि दुरुस्ती कॉम्प्युटरवर ठेवायचं सॉफ्टवेअर. तसा हा प्रकार नवा नाही, मॅक्सिमो नावाचं यातलं बडं प्रस्थ १९८५ पासून बाजारात आहे, २००६ मध्ये आयबीएमनं ती कंपनीच विकत घेतली, म्हणजे आमचं चाकण फक्त कांदा-बटाट्याच्या मार्केटसाठी ओळखलं जायचं तेव्हापासून तिकडे अमेरिकेत लोक वर्क ऑर्डर क्लोज करत बसलेत. आमच्याकडे आलं ते मॅक्सिमो नव्हे, कुठलं ते सांगत नाही, नोकरी करायचीय अजून.

कन्सल्टंट आले. तिशीच्या आतले, लॅपटॉपवर स्टिकर, गळ्यात दोन आयकार्डं. पहिल्याच मीटिंगला त्यांनी साधा प्रश्न विचारला, "सर, टोटल अ‍ॅसेट्स किती?" आणि रूममध्ये अशी शांतता पसरली की एसीचा आवाज ऐकू यायला लागला (तो एसीही यादीत नव्हता, नंतर कळलं). अकाउंट्सकडे फिक्स्ड अ‍ॅसेट रजिस्टर होतं, त्यात भंगारात जाऊन जमाना झालेली एक लेथ अजून डेप्रिसिएट होत होती आणि एका ओळीत नुसतं "मशिनरी इत्यादी, १ नग" लिहिलेलं. आमच्या मेंटेनन्सची यादी वेगळी, इलेक्ट्रिकलवाल्यांची त्याहून वेगळी, आणि कंप्रेसर दोघांनीही "तो त्यांचा" म्हणून सोडून दिलेला.

शेवटी खरी यादी सापडली हाउसकीपिंगच्या काकांकडे. खंडेनवमीला प्रत्येक मशीनला झेंडूचा हार लागतो, त्याची ऑर्डर काका देतात, आणि त्यांची यादी चुकायची सोयच नाही कारण एखाद्या मशीनला हार कमी पडला तर तिथला ऑपरेटर दिवाळीपर्यंत बोलत नाही. कन्सल्टंटनं तीच यादी मुकाट्यानं एक्सेलच्या टेम्प्लेटमध्ये टाकली. म्हणजे लाखोंच्या सॉफ्टवेअरचा इक्विपमेंट मास्टर आमच्याकडे झेंडूच्या ऑर्डरवरून बनलाय. फक्त एक झालं, हार हजेरीच्या पंचिंग मशीनलाही असतो आणि जीएम साहेबांच्या गाडीलाही. त्यामुळे पंचिंग मशीनचं दर तीन महिन्यांनी ग्रीसिंग ड्यू येतं, आणि गाडी सिस्टीममध्ये प्रेस शॉपची मालमत्ता आहे.

मग हायरार्की. प्लांट, त्याखाली शॉप, त्याखाली लाइन, मग मशीन, मग पंप, मग मोटर. आणि त्यात फंक्शनल लोकेशन वेगळं नि इक्विपमेंट वेगळं. हे काही कुणाच्या डोक्यात शिरेना. कन्सल्टंटनं खूप समजावलं, शेवटी म्हणाला, असं समजा की फंक्शनल लोकेशन ही चाळीतली खोली आणि इक्विपमेंट म्हणजे भाडेकरू, पंप काढून दुसरीकडे बसवला तर खोली तिथंच राहते, भाडेकरू आपली हिस्ट्री घेऊन जातो. चांगलं समजावलं होतं, खरंच. मामा मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "मग आमचा जुना पंप रिवाइंडिंगला जाऊन दोन वर्षं झाली, त्याचं डिपॉझिट कोण देणार?"

स्टोअरची गंमत तर वेगळा विषय आहे पण थोडं सांगतो. ६२०५ नंबरची बेअरिंग, अगदी घरगुती म्हणावी अशी, २५ मिलिमीटरचा शाफ्ट बसतो (शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, हे मला मामांनीच शिकवलं). ही एक बेअरिंग आमच्या मटेरियल मास्टरमध्ये "बेअरिंग ६२०५", "बीआरजी ६२०५ झेडझेड", "बॉल बेअरिंग ६२०५ टूआरएस" आणि "बेरिंग छोटी कूलंट पंप" अशा चार कोडांनी नांदत होती. यातल्या झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याची शील्ड असते, टूआरएसला रबरी सील, आणि जिथं कूलंट, म्हणजे गार करायचं पाणी, उडतं तिथं रबरीच लागते. पण खरेदीवाल्यांना चारही एकच दिसल्या, डुप्लिकेट काढा म्हटल्यावर त्यांनी सगळ्यात स्वस्त कोड ठेवला आणि बाकीचे ब्लॉक केले. "डेटा क्लिनिंग झालं" असा मेल सगळ्यांना सीसीमध्ये.

ट्रेनिंग कॉन्फरन्स रूममध्ये होतं, एसी चालू, लाइट बंद, जेवणानंतरची वेळ. मामा पहिल्या स्लाइडला झोपले ते डायरेक्ट प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सला, म्हणजे बिघडायच्या आधीच करायच्या देखभालीला, जागे झाले. तिथं स्लाइड होती १९७८ सालच्या नोलन आणि हीप यांच्या रिपोर्टची. युनायटेड एअरलाइन्सच्या या लोकांनी विमानांचे पार्ट अभ्यासले आणि निघालं असं की ८९ टक्के पार्ट ठराविक वय झालं म्हणून बदलून काही फायदाच नाही, बिघडायचे ते कधीही बिघडतात. मामा एकदम सरळ बसले. "म्हणजे चालत्या मशीनला उगा हात लावू नये हे मी बोंबलतोय ते विमानवाल्यांना पण माहितीय?" कन्सल्टंट हो म्हणाला आणि पुढच्याच स्लाइडवर प्रत्येक मशीनचं दर महिन्याला काय काय उघडायचं त्याचं शेड्यूल दाखवलं. मामा परत झोपले.

त्या शेड्यूलमध्ये सगळे पीएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, रविवारी लागले होते. आता इकडे पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात इंडस्ट्रीची सुट्टी गुरुवारी असते, विजेचं स्टॅगरिंग, म्हणजे भार वाटून घ्यायला भागवार वेगवेगळ्या दिवशी सुट्टी, होतं तेव्हापासूनची पद्धत, इथल्या पोरांची लग्नंसुद्धा गुरुवार बघून ठरतात. पण फॅक्टरी कॅलेंडर दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचं कॉपी केलेलं. पहिल्या रविवारी फुल प्रॉडक्शन चालू असताना सिस्टीमनं अख्खा प्रेस शॉप बंद करायला सांगितला, आणि गुरुवारी मेंटेनन्सची गँग हजर, मशीन बंद, नि सिस्टीम म्हणते आज काही काम नाही.

गो-लाइव एक एप्रिलला. अकाउंट्सचं नवीन वर्ष म्हणून, त्यावरचा जो विनोद व्हायचा तो सगळ्यांचा करून झाला. नवीन नियम असा की आधी नोटिफिकेशन, मग त्याची वर्क ऑर्डर, मग अप्रूव्हल, रिलीज, स्टोअरला रिझर्व्हेशन, माल इश्यू, कन्फर्मेशन आणि शेवटी टेको, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा शिक्का, मारायचा. सॉफ्टवेअरचा इथं काही दोष नाही हां, त्यात इमर्जन्सी ऑर्डरची सोय असते, आमच्याच कमिटीनं तिलाही दोन अप्रूव्हल लावून ठेवले. पहिल्याच दिवशी प्रेस बसला, मामांनी चहा गार व्हायच्या आत चालू केला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लॅनिंगमधून फोन, "मामा, अप्रूव्हल आलंय, करा आता काम." मामा म्हणाले, "थांबा, आधी बिघडवून येतो."

आणि लायसन महाग म्हणून सगळ्या फिटर लोकांत मिळून एकच लॉगिन, ते मामांच्या नावाचं. पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला. तिन्ही शिफ्टची कामं त्याच नावावर, त्यात पोरं महिनाभर काही टाकायची नाहीत आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी बसून सगळी कन्फर्मेशनं एकदम. त्या दिवशी मामांनी सिस्टीमप्रमाणे ७४ तास काम केलं. एचआरनं ओव्हरटाइमबद्दल विचारलं तेव्हा मामा घरी नातवाला घेऊन टीव्ही बघत होते. तोवर कंप्रेसरचा एक जुना ब्रेकडाउन कुणीच बंद केला नव्हता, त्यामुळे स्क्रीनवर तो पाडव्यापासून बंद होता आणि खाली त्याच्याच हवेवर प्लांट चालू होता. एमटीटीआरचा, म्हणजे दुरुस्तीला सरासरी किती वेळ लागतो त्याचा, ग्राफ बघून जीएम साहेबांनी पाणी मागितलं.

पण कहर केला तो फेल्युअर कोडनी. प्रत्येक कामाला बिघाडाचं कारण ड्रॉपडाउनमधून निवडायचं, पन्नासेक कारणं, सगळी इंग्रजीत, एबीसीडीप्रमाणे. आता तेलकट हातानं माउस धरलेला माणूस पन्नास ओळी खाली जाणार आहे का? घासून झीज झाली या अर्थाचं पहिलंच कारण होतं "अ‍ॅब्रेजन". महिन्याचा पॅरेटो चार्ट, म्हणजे कुठल्या कारणानं सगळ्यात जास्त बिघाड झाले त्याचा तक्ता, निघाला तेव्हा आमच्या प्लांटला अ‍ॅब्रेजननं अक्षरशः ग्रासलेलं होतं. प्रेसला अ‍ॅब्रेजन, कन्व्हेयरला अ‍ॅब्रेजन, गेटवरच्या ट्यूबलाइटला अ‍ॅब्रेजन. हेड ऑफिसनं टास्क फोर्स नेमला, त्यांनी एक व्हेंडर आणला, तो कोटिंगचं प्रेझेंटेशन देऊन जेवून गेला. मामांना टास्क फोर्सवर घेतलं कारण सिस्टीमप्रमाणे सगळ्यात जास्त अ‍ॅब्रेजन त्यांनीच दुरुस्त केलेलं. मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, हे अ‍ॅब्रेजन आपल्याकडं कुठल्या लाइनला आहे?"

मी कन्सल्टंटला सांगितलं यादी लहान करा, आठ-दहा कारणं ठेवा, मराठीत टाका. तो म्हणाला चेंज रिक्वेस्ट लागेल, बजेट पुढच्या वर्षी. सॉर्टिंग तेवढं फुकटात बदलून मिळेल. मग त्यानं यादी उलटी केली, शेवटची अक्षरं वर.

आता पहिला नंबर "वॉटर इनग्रेस", म्हणजे आत पाणी शिरलं. मे महिना चालू आहे, बोअर आटलीय, प्लांटला टँकर येतोय, आणि रिपोर्टप्रमाणे आमच्या यच्चयावत मशीनमध्ये पाणी शिरलंय, ट्यूबलाइटमध्येसुद्धा. त्यातली कूलंट पंपाची एन्ट्री तेवढी बरोबर आहे. स्वस्त कोडवाली पत्र्याची बेअरिंग तिथं बसवल्यापासून आत पाणीच शिरतंय, मामा तेव्हापासून ओरडतायत, पण टास्क फोर्सनं ती एन्ट्री बाकीच्यांबरोबरच चुकीची म्हणून काढून टाकली.