‘प्रिंट केलेला धातू लवकर गंजतो’ या दाव्यात नेमकं काय चुकतं

धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगबद्दल एक दावा सतत फिरत असतो. प्रिंट केलेलं स्टेनलेस स्टील म्हणजे चिकटवलेली पावडर. ते आतून सच्छिद्र असतं म्हणून लवकर गंजतं. वापरायचंच असेल तर आधी भट्टीतून काढा, मग ते नेहमीच्या स्टीलसारखं होतं. यातलं तिसरं विधान मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते प्रमाण मानून चांगला पार्ट हातानं बिघडवता येतो.

आधी चिकटवलेल्या पावडरचं बघू. बाइंडर जेट पद्धतीत पावडर खरोखरच चिकटवतात आणि नंतर भट्टीत सिंटर करतात, म्हणजे न वितळवता तापवून कण एकमेकांना जोडतात. पण सर्वाधिक वापरात असलेल्या लेझर पावडर बेड पद्धतीत पावडर पूर्ण वितळते. थर 20 ते 60 मायक्रॉनचा असतो आणि वितळलेला धातू सेकंदाला लाखो अंश या वेगानं थंड होतो. 316एल या नेहमीच्या वापरातल्या स्टेनलेस स्टीलचा असा तुकडा थरांना छेदून उभा कापा, आरशासारखा पॉलिश करा, एच करा (म्हणजे आम्लानं हलकासा कोरा) आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. माशाच्या खवल्यांसारख्या कमानी एकावर एक रचलेल्या दिसतात. प्रत्येक कमान म्हणजे लेझरच्या एका फेरीत वितळून गोठलेला धातू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्याच कमानीच्या आत अर्ध्या-एक मायक्रॉनच्या पेशींचं, म्हणजे बारीक कप्प्यांचं, जाळं दिसतं. पावडरचे सुटे कण तिथे शोधून सापडत नाहीत.

आता सच्छिद्रता. यंत्राची सेटिंग नीट असेल तर 99.5 टक्क्यांहून जास्त घनता मिळते. पण गंजाचा विचार करताना नुसता हा टक्का बघून भागत नाही. आतल्या आत बंद असलेल्या गोल छिद्रापर्यंत खारं पाणी पोहोचतच नाही. खरी भीती आहे ती दोन थर नीट न जुळल्यामुळे राहिलेल्या, पृष्ठभागावर उघडणाऱ्या वाकड्यातिकड्या फटीची. तिच्यात ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साचतं, आम्लता वाढते आणि क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर पुन्हा बनत नाही. तेव्हा वाईट प्रिंटबद्दल हा दावा बरोबर आहे. तो सरसकट सगळ्या प्रिंटना लावणं मात्र चूक.

कारण नेहमीच्या रोल केलेल्या 316एलमध्ये पिटिंगची, म्हणजे गंजून खड्डे पडण्याची, सुरुवात बहुधा धातूत अडकलेल्या मँगनीज सल्फाइडच्या कणांपाशी (इन्क्लूजन) होते. प्रिंटमध्ये धातू इतक्या झपाट्यानं गोठतो की हे सल्फाइड वाढायला वेळच मिळत नाही. त्याऐवजी सिलिकॉन-मँगनीजच्या ऑक्साइडचे नॅनो आकाराचे ठिपके राहतात. म्हणूनच खाऱ्या पाण्यातल्या चाचण्यांत नीट प्रिंट केलेल्या 316एलचं पिटिंग पोटेन्शियल (ज्या विद्युत विभवाला खड्डे पडू लागतात ते; जितकं वर तितकं चांगलं) रोल केलेल्यापेक्षा वरचं आलेलं वारंवार दिसतं, कधीकधी काही शे मिलिव्होल्टनी. यावरून ‘प्रिंट केलेलं ते सरस’ असा उलटा निष्कर्षही काढू नये. टीआय-6एएल-4व्ही या टायटॅनियमच्या मिश्रधातूत त्याच झपाट्यामुळे मार्टेन्साइट ही सुईसारखी स्फटिकरचना बनतं, आणि मिठाच्या द्रावणातल्या काही चाचण्यांत ते नेहमीच्या पद्धतीनं बनवलेल्या याच मिश्रधातूपेक्षा (ग्रेड 5) कमी पडलं आहे. प्रत्येक मिश्रधातूचा हिशेब वेगळा.

आणि आता भट्टी. स्ट्रेस रिलीफ, म्हणजे तापवून धातूतला ताण घालवणं, आवश्यक असतो, त्याबद्दल वाद नाही. आत अडकलेल्या ताणामुळे पार्ट वाकतो, तडकतो. प्रश्न आहे तो कोणत्या तापमानाला आणि किती वेळ, हा. 316एल 1000 अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ ठेवलं की पेशींचं जाळं विरतं आणि जे सल्फाइड प्रिंटिंगनं टाळलं होतं, तेच पुन्हा तयार होऊ शकतं. मग पिटिंगला होणारा विरोधही घटतो. म्हणजे पार्ट खरोखरच ‘नेहमीसारखा’ होतो, पण नको त्या अर्थानं!

इन्कोनेल 625 या निकेलच्या मिश्रधातूचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. घडवलेल्या 625साठी 870 अंशांचा एक तास हा रूढ स्ट्रेस रिलीफ. प्रिंट केलेल्या 625मध्ये गोठताना निओबियम पेशींच्या सीमांवर जमा झालेलं असतं, त्यामुळे तोच एक तास तिथे डेल्टा फेज, म्हणजे निकेल-निओबियमचे नको असलेले स्फटिक, भरभरून वाढवतो. हे टाळायला 1150 अंशांच्या आसपास होमोजिनायझेशन करून निओबियम आधी सारखं पसरवावं लागतं. घडवलेल्या धातूचा तक्ता जसाच्या तसा उचलला की असा घात होतो. एएलएसआय10एमजी या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूमध्येही 300 अंशांना दोन तासांत सिलिकॉनचं सलग जाळं तुटून सुटे कण बनतात, आणि ॲल्युमिनियमवर हल्ला कुठे होणार ते ठिकाणच बदलतं.

ज्याची काळजी करायला हवी त्या पृष्ठभागाबद्दल मात्र या दाव्यात अवाक्षर नाही. वर सांगितलेले चांगले आकडे बहुतेक वेळा घासून गुळगुळीत केलेल्या नमुन्यांवरचे असतात. यंत्रातून निघालेल्या पार्टवर अर्धवट वितळलेले पावडरचे कण चिकटलेले असतात आणि त्यांच्या बुडाशी बारीक खाचा असतात. बाहेरची बाजू मशिनिंग किंवा इलेक्ट्रोपॉलिशिंगनं (विजेच्या साहाय्यानं द्रावणात वरचा थर विरघळवून) साफ होते. आतल्या वळणदार नळ्यांत हत्यार जात नाही. तिथे रासायनिक पॉलिशिंग किंवा दाबानं घर्षक लगदा फिरवणं हे डिझाइन करतानाच ठरवावं लागतं, आणि गंजाची चाचणीही त्या नळीच्या आतल्या पृष्ठभागावरच घ्यावी लागते.