झेरॉक्सची झेरॉक्स नाही, आत्या

"पेशी दर वेळी डीएनएची झेरॉक्स काढते. झेरॉक्सची झेरॉक्स फिकट होत जाते, जुना डीएनए संपतो, म्हणून म्हातारपण आणि कॅन्सर. कॉपी होणंच थांबवा! केमो घेऊ नका, तिने डीएनए बिघडतो." हा फॉरवर्ड मी तीनदा न वाचता उडवला. काल आत्याचा फोन आला, "अरे, उरलेले दोन डोस घेऊ ना?" मग वाचला.

जुना डीएनए संपत नाही. त्याच्या दोन पट्ट्या सुटतात आणि प्रत्येकीसमोर नवी जुळवली जाते, डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए समोर टी, जी समोर सी. मेसेल्सन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये जड नायट्रोजनवर वाढवलेले, म्हणून डीएनएही जड झालेले जिवाणू साध्या नायट्रोजनवर आणले. एका पिढीनंतर त्यांचा डीएनए ना जड निघाला ना हलका, बरोब्बर मधला. म्हणजे प्रत्येक प्रतीत एक पट्टी जुनी, एक नवी. फॉरवर्डवाल्यांना गाठायला साठ वर्षं कमी पडली म्हणायची.

आणि फिकट काय होणार? अक्षर बरोबर असतं नाहीतर चूक. कॉपी करणारं विकर (एन्झाइम) चुकलं की बहुधा तिथल्या तिथे मागे सरकून अक्षर काढतं. सुटलेल्या चुका दुसरी प्रथिनं हुडकतात. अब्ज अक्षरांमागे जेमतेम एखादी उरते. त्या उरलेल्या साचतात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो, एवढं मान्य.

"कॉपी थांबवा" म्हणणाऱ्याने जरा हिशेब करावा. अस्थिमज्जा सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी बनवते. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. यामागच्या पेशी डीएनएची कॉपी केल्याशिवाय विभागूच शकत नाहीत. सगळीकडे कॉपी थांबली तर माणूस तरुण राहत नाही, मरतो.

गंमत म्हणजे केमोची काही औषधं नेमकं हेच करतात, कॉपी अडवतात! काही डीएनएला इजाही करतात, हेही खरं. सतत विभागणाऱ्या पेशींना त्याचा फटका जास्त बसतो. कॅन्सरच्या पेशी त्यात येतात, म्हणून तर औषध देतात. केसांच्या मुळांतल्याही येतात. म्हणजे एकाच दमात "कॉपी थांबवा" आणि "केमो नको". लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचला होता का?

"सात वर्षांत अख्खं शरीर नवं" हेही होतं शेवटी. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच असतात. पुढे.

आत्याला म्हटलं, शंका लिहून ठेव, डॉक्टरांना विचार, डोस मात्र चुकवू नकोस. ती म्हणाली, "आणि केस?"

बहुतेकांचे परत येतात गं. मुळांतल्या पेशी पुन्हा कॉपी करायला लागल्या की.