पाठीवरचं इसब आणि 'रक्त शुद्ध करा'वाला मेसेज

थंडी पडली की हा मेसेज पुन्हा ग्रुपांवर फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: 'हात पोहोचत नाही अशा जागी, पाठीवर इसब येतं ते रक्त अशुद्ध झाल्यामुळे. ट्यूब लावू नका, स्टेरॉइड रक्तात जातं. कढत पाण्यात कडुनिंब-मीठ टाकून आंघोळ करा, घासणीने खरवडा, लिंबू चोळा, शेवटी खोबरेल. वांगं, अंडी, दूध बंद. सात दिवसांत मुळासकट जातं.' मी मेडिकलच्या काउंटरवर बसते. मोबाइल पुढे करून 'यातलं काही आहे का?' असं विचारणारे अधूनमधून येतातच. म्हणून एकेक मुद्दा घेते.

रक्ताचं आधी. इसबात बिघाड असतो तो कातडीच्या वरच्या थरात आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत. तो थर ओलावा धरून ठेवत नाही, बाहेरचं साबण-घाम आत शिरतं, आणि अंग चवताळून उठतं. कातडीची ही भिंत बांधणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोष बऱ्याच रुग्णांत असतात, हे २००६ साली पुढे आलं. कडू काढे पिऊन जनुक बदलत नाही.

मग पाठीवरचंच का हटत नाही? कारण तिथे औषध जातच नाही! खांद्यावरून हात टाकून जेवढं लागतं तेवढं लागतं, खालून कमरेपर्यंत लागतं, आणि मधला पट्टा कोरडा राहतो. कडेचं बरं होतं, मधलं तसंच. मग माणूस म्हणतो, ट्यूबमध्ये दम नाही.

स्टेरॉइडचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तो जास्त फसवतो. औषध कातडीतून आत जातं, पण किती ते जागेवर ठरतं. जुन्या मोजमापांत हाताच्या कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूने जेवढं शोषलं गेलं त्याच्या सुमारे दीडपट-पावणेदोनपट पाठीतून गेलं, आणि अंडकोषाच्या कातडीतून तब्बल चाळीसपट. म्हणून जांघेत, काखेत, चेहऱ्यावर सौम्य औषध देतात. पाठीला थोडं जोरकस चालतं, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. खरी भीती बाळगायची ती बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध आणि स्टेरॉइड अशा तीन-इन-वन ट्यूबची, जी आमच्याच धंद्यातले काही लोक चिठ्ठीशिवाय काढून देतात. स्टेरॉइडची बरीच मलमं २०१८ पासून कायद्याने चिठ्ठीवरच द्यायची आहेत. कायदा आहे, काउंटरवर 'मागच्या वेळचीच द्या'ही आहे.

मापाचंही सांगते, कारण बहुतेक जण मोहरीएवढं लावतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. नितंबांसकट अख्खी पाठ झाकायला अशा सात रेघा लागतात. स्टेरॉइड मात्र चट्ट्यापुरतंच.

घासणीवर मी जास्त बोलणार आहे. वर्षानुवर्षं नायलॉनच्या घासणीने पाठ खसाखसा घासणाऱ्यांच्या वरच्या पाठीवर लहरी-लहरींचे तपकिरी-काळे डाग येतात. आपल्याकडे हे खूप दिसतं. लोक त्याला मळ समजतात आणि अजून घासतात. इसबावर घासणी म्हणजे जखमेवर काथ्या. कढत पाण्याने क्षणभर खाज मरते आणि कातडी आणखी कोरडी पडते. कोमट पाणी, पाचेक-दहा मिनिटं, बस. लिंबू आग करतं, आणि वर ऊन लागलं तर चट्टे भाजल्यासारखे होतात.

खोबरेलचं मात्र खरं आहे. अंग टिपून किंचित ओलं असतानाच लावा. जखम झाली असेल, पाणी येत असेल तर आधी डॉक्टर. आणि वांगं? मोठ्या माणसाला खाण्यामुळे इसब भडकणं फार क्वचित. लहान मुलाचं दूध-अंडं तर तपासणीशिवाय मुळीच तोडू नका.

आता पाठीला लावायचं कसं, जे मेसेजमध्ये कुठेच नाही. एक आजी म्हणाल्या, "ताई, सुनेला पाठ उघडी करून कसं सांगू?" त्यांना मी केक करणारे वापरतात ते सिलिकॉनचं पसरट उलथणं घ्यायला सांगितलं. दोन आठवड्यांनी आल्या तेव्हा त्याच्या दांड्याला काठी बांधलेली होती! लांब दांड्याचे लोशनचे पॅडही मिळतात. स्पंज मात्र नको, निम्मं औषध तोच पितो. मॉइश्चरायझर असं लावता येतं. स्टेरॉइड चट्ट्यावरच पडावं म्हणून दोन आरसे नाहीतर कुणाचा तरी हात हवाच; मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड यांच्यामध्ये वीसेक मिनिटं जाऊ द्या. वरून प्लॅस्टिक गुंडाळू नका, औषध कितीतरी पटीने आत जातं. आणि तेलकट मलम मुरलेला कपडा गॅसजवळ, निरांजनाजवळ भसकन पेटतो. ब्लाउज-बनियन गरम पाण्यात वारंवार धुतले तरी तो धोका पूर्ण जात नाही.

सात दिवसांत मुळासकट: नाही. इसब दबतं, थंडीत परत डोकं काढतं. दोन आठवडे नीट लावूनही फरक नसेल तर ते इसब आहे का, हेच बघावं लागतं. कडा उठलेलं, पसरत जाणारं वर्तुळ गजकर्ण, म्हणजे बुरशी, असू शकतं, त्यावर नुसतं स्टेरॉइड म्हणजे खतपाणी. आणि खांद्याच्या फऱ्याशेजारी एकाच जागी, वर्षानुवर्षं खाज, वर कातडी जवळपास साफ: तिथे बहुधा मणक्यातून येणारी नस कुरकुरत असते, आणि माझ्या दुकानातली इसबाची कुठलीच ट्यूब तिथे कामाची नाही.