मँडरीन मासा नवशिक्यांसाठी सोपा नाही

समाजमाध्यमांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो : मँडरीन हा लहान, शांत आणि रोग न होणारा मासा असल्याने खाऱ्या पाण्याची पहिलीच टाकी मांडणाऱ्याने तो खुशाल घ्यावा, त्याला ४० लिटरची टाकी पुरते, समुद्राचे पाणी चालते आणि इतर माशांनी सोडलेल्या दाण्यांवर तो आरामात जगतो. मासा लहान आणि शांत आहे, एवढेच यात बऱ्याच अंशी खरे आहे.

सर्वांत घातक विधान खाण्याविषयीचे आहे. पश्चिम प्रशांत महासागरात, जपानच्या दक्षिणेकडील बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळणारा हा सहा-सात सेंटीमीटरचा मासा दिवसभर प्रवाळखडकांवरून कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव एकेक करून टिपत असतो. समुद्रातून पकडलेले बहुतेक मँडरीन कोरड्या दाण्यांना तोंडच लावत नाहीत आणि गोठवलेले खाद्य त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी चपळ मासे ते संपवतात. नव्या टाकीत कोपेपॉड जवळजवळ नसतातच. त्यामुळे मासा काही आठवडे खडकांवर चोच मारल्यासारखा टिपत राहतो, मालकाला तो खात असल्याचे वाटते, आणि प्रत्यक्षात त्याचे पोट खपाटीला जात असते. पुढे तो मेला, की दोष एखाद्या अज्ञात रोगाला दिला जातो. हे उपासमारीचे मरण आहे आणि ते पूर्णपणे टाळता येते.

टाकीच्या आकाराचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. पोहायला त्याला फार जागा लागत नाही, पण ४० लिटरमधील कोपेपॉडची संख्या पुन्हा वाढण्याआधीच तो ते फस्त करतो. म्हणून भरपूर लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेले सच्छिद्र खडक) असलेली, किमान २५० लिटरची आणि निदान सहा-आठ महिने मुरलेली टाकी हवी. शिवाय कोपेपॉड निर्धास्त वाढतील असा, माशांपासून वेगळा कप्पा असल्यास उत्तम.

रोगाबाबतचा दावा अर्धसत्य आहे. या माशाला खवले नसतात. अंगावरच्या दाट बुळबुळीत थरामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला तुलनेने कमी होतो, मात्र होतच नाही असे नाही.

शांतपणालाही मर्यादा आहे : दोन नर एकत्र ठेवल्यास ते जीवघेणे भांडतात. पाठीवरच्या पहिल्या पराचा लांब काटा पाहून नर ओळखता येतो.

मुंबईच्या किनाऱ्यावरचे पाणी तर विचारातही घेऊ नये. ते गढूळ आणि सांडपाणी मिसळलेले असते, पावसाळ्यात त्याची क्षारताही घटते. शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचे माप) १.०२५ च्या आसपास राखावे आणि उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारा चिलर लावावा.

टाकीत जन्मलेले मँडरीन आता काही ठिकाणी मिळतात आणि त्यांतील पुष्कळसे बारीक दाणे किंवा गोठवलेले खाद्य स्वीकारतात. शक्य असेल तर तेच घ्यावेत. मासा कुठूनही आलेला असो, दुकानदाराला तो डोळ्यांसमोर खाऊ घालायला सांगावे. पोट आत गेलेले किंवा डोक्यामागची पाठ बसलेली दिसली, तर तो घेऊ नये.